जुन्या ट्रकचा डिझेल पंप: गाडीवरच सेटिंग, बेंचवर कॅलिब्रेशन की नवे एलिमेंट?

गाडी घाटात ओढत नाही, काळा धूर मारते, डिझेल जास्त पिते. ही तक्रार कुठल्याही गॅरेजात सांगा, उत्तर ठरलेलं असतं: "पंप करून घ्या." पंप म्हणजे इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरला मोजून डिझेल पोचवणारा पंप. पण पंप करणं म्हणजे नक्की काय? कोणी गाडीवरच स्क्रू फिरवून देतो, कोणी पंप उतरवून बेंचवर (पंप तपासायच्या मशीनवर) मोजून लावतो, कोणी सगळे एलिमेंट (पंपाच्या आतल्या डिझेल दाबणाऱ्या जोड्या) बदलायला सांगतो. तिन्हींचा खर्च वेगळा, गाडी उभी राहण्याचे दिवस वेगळे आणि फायदाही वेगळा. टाटाच्या जुन्या 1210 किंवा 1612 ट्रकवर असतो तसा इनलाइन पंप (प्रत्येक सिलिंडरला वेगळा एलिमेंट, सगळे एका ओळीत) तुमच्या गाडीला असेल आणि तुम्ही या तिन्हींत अडकला असाल, तर हे वाचा. रोटरी पंपाचं आणि कॉमन रेलचं गणित निराळं आहे, ते इथे लागू पडणार नाही.

आधी एक गोष्ट डोळ्यांसमोर आणा. टर्बो नसलेल्या सहा सिलिंडरच्या या इंजिनात फुल लोडवर एका सिलिंडरला एका वेळी साधारण 55 घन मिलिमीटर डिझेल जातं. म्हणजे जेमतेम एक थेंब. इंजिन 2400 आरपीएमवर असेल तर पंप त्याच्या निम्म्याने, 1200 ने फिरतो, आणि प्रत्येक सिलिंडरला मिनिटाला असे 1200 थेंब पोचवतो. सहाही सिलिंडरना सारखाच थेंब मिळाला पाहिजे आणि तोही ठरलेल्या क्षणीच. पंपाचं सगळं काम या एका वाक्यात आलं. म्हणून माझं मत पहिल्यापासून पक्कं आहे: मोजल्याशिवाय पंपाला हात लावू देऊ नये.

गाडीवरच सेटिंग

हे काम स्वस्त असतं, तासाभरात होतं आणि काही वेळा तेच बरोबर असतं. फिल्टर चोक झालाय, गाडीने एअर घेतली आहे, फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा) कमी उचलतोय, एखादा नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा) बिघडलाय, यातल्या कशासाठीही पंप खाली उतरवायची गरज नाही. चांगला मिस्त्री आयडलवर एकेका पाइपचा नट ढिला करून पाहतो. ज्या सिलिंडरचा नट सोडल्यावर इंजिनचा आवाज बदलत नाही, खोट तिथे. (हे करताना फवाऱ्यासमोर हात आणू नका. या गाड्यांचे नोझल साधारण 200 बारच्या आसपास उघडतात आणि तेवढ्या दाबाचं डिझेल कातडीच्या आत शिरतं.) टायमिंगही, म्हणजे डिझेल पोचायचा क्षणही, गाडीवरच लावतात. पहिल्या लाइनचा डिलिव्हरी व्हॉल्व (पंपाच्या तोंडावरचा, डिझेल परत येऊ न देणारा) काढायचा, वाकडी नळी बसवायची, इंजिन हाताने फिरवत न्यायचं आणि धार तुटून थेंबावर आली की खूण पाहायची. पांढरा धूर आणि मंद पिकअप असेल तर टायमिंग मागे पडलेलं असू शकतं. इंजिन कडक ठोकत असेल तर ते पुढे गेलेलं असू शकतं.

पण गाडीवर जे सगळ्यात जास्त केलं जातं ते वेगळंच असतं: "डिझेल वाढवून देतो." हे आमच्या गाडीवर झालं आहे. उसाचा सीझन तोंडावर होता आणि खंबाटकी घाटात आमची 1612 धापा टाकायची. हायवेवरच्या एका गॅरेजात मिस्त्रीने गव्हर्नरच्या (पंपाचा वेग आवरणारा भाग) स्क्रूचं शिशाचं सील तोडलं, लॉकनट सोडला आणि दीड आटा दिला. पिकअप आला, हे खरं. धूरही आला, तो आम्ही मनावर घेतला नाही. दुसऱ्या महिन्यात हेड गॅस्केट गेलं. हेड उघडलं तर तीन नंबरच्या पिस्टनचा माथा एका कडेला वितळून खडबडीत झाला होता.

टर्बो नसलेल्या इंजिनात हवा येते तेवढीच येते. जास्तीचं डिझेल जाळायला हवाच नसते, मग त्याचा धूर होतो आणि एक्झॉस्टचं तापमान चढतं. तरी मुख्य दोष वेगळाच आहे. तो स्क्रू सहाही लाइनचं डिझेल एकदम वाढवतो. जी लाइन आधीच जास्त देत होती, ती आणखी जास्त देऊ लागते.

बेंचवर कॅलिब्रेशन

इंजिन बांधून झाल्यावर पंप बेंचवर नेला तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. मोटरने पंप फिरतो, समोर सहा काचेच्या नळ्या. हजार स्ट्रोक झाले की धार बंद होते आणि आकडे वाचायचे. आमचे आले: 64, 62, 71, 58, 63, 61 मिलिलिटर. तीन नंबरला 71. ज्याचा पिस्टन गेला तोच. त्या नळीकडे बघून वडील कितीतरी वेळ काही बोलले नाहीत.

बेंचवर मिस्त्री प्रत्येक एलिमेंटची दात्यांची कडी ढिली करून बाही किंचित फिरवतो आणि त्या एकाच लाइनचं डिझेल कमीजास्त करतो. गाडीवर हे होत नाही. शिवाय सहा लाइनमधलं अंतर 60-60 अंशांचं आहे का, गव्हर्नर ठरलेल्या आरपीएमला डिझेल तोडतो का, आयडलवर हंटिंग (वेग आपोआप वरखाली होणं) का होतं, हे सगळं तिथेच कळतं. आमचे सहाही आकडे 55-56 वर आले. एलिमेंट एकही बदलला नाही. घाटात गाडी स्क्रूवाल्या दिवसांइतकी उसळत नाही, पण लोड एकसारखा ओढते आणि मागे काळा ढग राहत नाही. बीएस-4 च्या आधीच्या डिझेल गाडीला पीयूसीत धुराची मर्यादा 65 एचएसयू (धुराची दाटी मोजायचं एकक) आहे. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेसला उभं राहावं लागतं, तेव्हा ही चिंताही कमी झाली.

यात तोटा वेळेचा. पंप उतरवणं, नेणं, परत टायमिंगवर बसवणं यात सहज दोन दिवस जातात. आणि पंपासोबत नोझल तपासले नाहीत तर काम अर्धं राहतं: पंप सारखं देईल, नोझल वेगवेगळं फवारतील. जाताना सहाही इंजेक्टर (नोझल ज्यात बसतात ते) बरोबर घेऊन जा.

नवे एलिमेंट

एलिमेंट म्हणजे प्लंजर आणि बॅरलची जोडी. दोघांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची, आपला केस त्याच्या वीसपट तरी जाड. जोडी एकमेकांत घासून जुळवलेली असते, म्हणून धुताना जोड्यांची अदलाबदल करणाऱ्या माणसाकडे पंप देऊ नका. पाणी, माती किंवा रॉकेलची भेसळ असलेलं डिझेल ही फट वाढवतं.

झिजलेल्या एलिमेंटची खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते ती ही: सकाळी थंड गाडी सुरू होते, पण धाब्यावर चहाला थांबून निघताना गरम गाडी स्टार्टरला दाद देत नाही. गरम डिझेल पातळ होतं, स्टार्टरच्या मंद गतीत फटीतून गळतं आणि नोझल उघडायला दाब पुरत नाही. दुसरी खूण, पंपाच्या पोटातलं ऑइल डिझेलने पातळ होणं. बेंचवर याची खात्री होते. पंप 100 आरपीएमवर फिरवा. फुल स्पीडला बरोबर देणारी लाइन इथे कमी देत असेल तर एलिमेंट किंवा डिलिव्हरी व्हॉल्व संपला आहे. तसं असेल तर खर्च टाळू नका, झिजलेला एलिमेंट सेटिंगने सुधारत नाही. तसं नसेल आणि तरी कोणी सहाचा सेट बदलायला सांगत असेल, तर 100 आरपीएमचे आकडे दाखवा म्हणावं.

नवे घ्यायचे तर चांगल्या कंपनीचे घ्या. आपल्याकडे जुनी माणसं अजून मायकोच म्हणतात. 1951 साली सुरू झालेली ती बंगळुरची कंपनी आता बॉश नावाने चालते, आणि नाशिकच्या सातपूरच्या कारखान्यामुळे मायको सर्कल हे नाव शहरात रुळलं. डब्यावरचा नंबर पंपावरच्या नंबराच्या पट्टीशी जुळवा.

तयार पंप बदलून घेण्याची चौथी वाटही आहे. काही तासांत गाडी मोकळी होते, सीझनमध्ये मोह होतो. पट्टीवरचा नंबर, गव्हर्नर आणि इंजिन तिन्ही जुळत असतील आणि त्या पंपाचे बेंचचे आकडे मिळत असतील, तरच घ्या.

माझी निवड विचाराल तर आधी एअर फिल्टर, डिझेल फिल्टर आणि टायमिंग गाडीवर बघा. फरक पडला नाही तर पंप आणि नोझल बेंचवर न्या, आधीचे आणि नंतरचे आकडे कागदावर मागा, आणि स्क्रूला नवं सील समोर मारून घ्या. आमचा तो कागद आरसी आणि इन्शुरन्सच्या पाकिटात ठेवलेला आहे. 71 च्या आकड्याभोवती वडिलांनी पेनाने गोल केला आहे.