आंब्याच्या हिशोबाला फुकटचं सॉफ्टवेअर की ओपन सोर्स?

देवगडकडे आंब्याचा हिशोब वहीतून कॉम्प्युटरवर नेणारे हल्ली बरेच झालेत. बहुतेकांचा प्रश्न एकच: दोन्ही फुकटच ना, मग फरक काय? पैशात फरक नाहीच. उलट जीपीएल या ओपन सोर्स परवान्याचं सॉफ्टवेअर कुणी विकलं तरी चालतं. फुकटच्या सॉफ्टवेअरचा मालक ते आपल्या अटींवर वापरू देतो. पुष्कळदा 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' अशी ओळ आत असते, आणि पेट्या विकणारा त्यात बसत नाही. ओपन सोर्समध्ये धंद्याला वापरा, कोड म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर बघा, बदला, दुसऱ्याला द्या, अशी लेखी परवानगीच असते.

वापरायला फुकटचं सोपं, हे खरं. मी वापरायचो त्यात पावती सुरेख छापून यायची. पण एका अपडेटनंतर ते उघडताना दर वेळी लॉगिन मागू लागलं. आमच्याकडे मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की आधी वीज जाते, मागोमाग रेंज. वाशीचा ट्रक भरून तयार, ड्रायव्हर घाई करतोय, लॅपटॉपला चार्जिंग आहे, हिशोबही त्यातच आहे, आणि प्रोग्रॅम उघडत नाही! कुणाच्या बागेच्या किती पेट्या, ते शेवटी कागदावर लिहून दिलं. तक्रार तरी कशी करणार? अटी कधीही बदलू, असं परवान्यातच होतं.

आता जमाखर्च ग्नूकॅशमध्ये, पेट्यांची यादी लिब्रेऑफिसमध्ये. दोन्ही ओपन सोर्स आहेत, नेटशिवाय चालतात, आणि फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमलाही वाचता येते. 2010 मध्ये ओरॅकलने ओपनऑफिसची मालक असलेली सन कंपनी घेतली, तेव्हा ओपनऑफिसवर काम करणारी बरीच मंडळी तोच कोड घेऊन वेगळी झाली आणि लिब्रेऑफिस उभं राहिलं. परवान्यात मुभा होती म्हणूनच हे जमलं.

ग्नूकॅशची दुहेरी नोंद, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहिणं, अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि अडलं तर फोन करायला हक्काचा माणूस नसतो. तुमचं दुकान बाजारपेठेत असेल, नेट भरवशाचं असेल, तर फुकटचंही कदाचित पुरेल. फक्त व्यावसायिक वापराची अट आणि डेटा बाहेर काढायची सोय आधी बघून घ्या. बागेवर बसून हिशोब करणाऱ्याला मात्र मी ओपन सोर्सच सुचवेन. सुरुवात पावसाळ्यात करा, एप्रिलमध्ये नवीन काही शिकायला कुणाला उसंत नसते.