बक 110 : देखणा, दणकट आणि खिशाला नको तितका जड

बक 110 हा अमेरिकन घडीचा चाकू 1964 पासून जवळपास याच रूपात बनतोय. मिटलेला असताना 12 सेंटिमीटरच्या थोडा वर भरतो. दोन्ही टोकांना पितळ, मधे काळसर एबनी लाकूड, आणि मुठीला किंचित बाक. टेबलावर ठेवला की आजीच्या अडकित्त्याची आठवण यावी असा : तेच पितळ, तोच जडपणा, आणि हातात घेतला की कारण नसताना उघड-मिट करत बसायचा तोच मोह. दिसण्याचे गुण द्यायचे तर हात आखडता घ्यायचं कारण नाही. गोम आहे ती वापरात, आणि तीही सगळीकडे नाही.

वजन सुमारे 200 ग्रॅम, म्हणजे खिशात दुसरा मोबाइलच. सुती पँटचा खिसा एका बाजूने ओघळतो आणि दुचाकीवर बसलं की मूठ मांडीत रुतते. हे वजन पात्याचं कमी आणि पितळेचं जास्त. दोन्ही टोकं पितळेची, लाकडाखालच्या पट्ट्याही पितळेच्या, आणि पितळ पोलादापेक्षा जड. पण याच जाडजूड मुठीमुळे काम सुसह्य होतं. पातळ मुठीच्या चाकूने पाच-सहा पुठ्ठ्याची खोकी फाडली की तर्जनीच्या मुळाशी लाल रेघ उमटते. इथे मूठ तळहात भरून घेते, दाब सगळीकडे वाटला जातो, आणि घामट हातातही ती फिरत नाही. घर बदलताना, सोसायटीच्या मंडपाचा काथ्या कापताना, माहुली गडाच्या पायथ्याला तंबूची नायलॉनची दोरी कापताना हा चाकू हातात असावा. खिशात मात्र नसावा.

पातं 9.5 सेंटिमीटर लांब, पाठीला साधारण 3 मिलिमीटर जाड, टोकाकडे पाठ खोलगट उतरत गेलेली. पोलाद 420एचसी : कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आत, क्रोमियम 13 टक्क्यांच्या आसपास, कठीणपणा रॉकवेल सी मापात 58. आजच्या महागड्या पोलादांपुढे ते जुनं वाटेल, पण घरच्या दगडावर पटकन धार घेतं, आणि नेहमीच्या वापरात याहून मोठा गुण नाही. महाग पोलादाची धार महिनाभर जास्त टिकते खरी, पण बसली की ती परत आणायला हिऱ्याची पट्टी आणि रिकामी दुपार लागते.

पात्याच्या दोन्ही बाजू आतल्या अंगाने खोलगट घासलेल्या आहेत. त्यामुळे धारेलगत पातं खूप बारीक आणि वर गेलं की एकदम जाड. टोमॅटो, काकडी, दोरी, पुठ्ठा यांत ते सरसर जातं. हापूसची फोड काढताना अणकुचीदार टोक कोयीच्या कडेने छान वळतं. पण अर्धा कांदा किंवा जाड बटाटा आला की अर्ध्यापर्यंत कापलं जातं आणि पुढे पाठ पाचरीसारखी घुसून फोड ‘कट्’ आवाज करत फुटते. भोपळा तर विसराच. स्वयंपाकघरात याला सुरीची जागा देणं चूक आहे, तिथे दीड मिलिमीटर जाडीची साधी सुरी याला कधीही हरवते.

आणि खोबरं. करवंटीतून खोबरं उचकटायला आपल्याकडे हाताला लागेल तो चाकू वापरतात, म्हणून हे ठासून सांगायला हवं : बक त्यात खुपसू नका. टोक बारीक, त्यात खोलगट घासणीमुळे धारेमागे लोखंडच कमी. सरळ दाब कितीही सोसेल, आडवा पिळा दिला की टोकाचे दोन-तीन मिलिमीटर टचकन जातात. पाठ जाड दिसते म्हणून चाकू पहारीचं काम करेल असं वाटतं, तिथेच फसगत होते.

खटका मुठीच्या पाठीत, मागच्या टोकाला आहे. आत एक पोलादी पट्टी मधल्या पिनेवर सीसॉसारखी डुलते. तिचं पुढचं नाक पात्याच्या बुडातल्या खाचेत पडतं आणि मागून स्प्रिंग ते दाबून धरते. उघडताना होणारा ‘खट्’ आवाज हा या चाकूचा अर्धा रुबाब. पण त्या खाचेत खिशातले धागे, पुठ्ठ्याचा भुसा, आंब्याचा वाळलेला रस साचतो आणि नाक पूर्ण बसत नाही. उघडल्यावर पाठीवरून नख फिरवून बघा. पट्टी आणि पात्याचा सांधा सपाट लागला पाहिजे. पट्टी केसभर वर राहिली असेल तर तो खटका लागलेला नाही, नुसता अडकलेला आहे, आणि दाबाखाली बोटांवर मिटू शकतो. उपाय सोपा : गरम पाणी, भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब, जुना टूथब्रश, कोपऱ्यांसाठी टूथपिक. मग रात्रभर पंख्याखाली उघडा ठेवायचा. ही रात्र गाळली की आत राहिलेलं पाणी स्प्रिंग गंजवतं आणि बाहेरून काही कळत नाही. शेवटी सांध्यात तेलाचा एकच थेंब. खोबरेल नको, ते खवट होतं. शेंगदाण्याचं चिकट होऊन धूळ धरतं. केमिस्टकडचं लिक्विड पॅराफिन उत्तम : चिकटत नाही आणि पोटात गेलं तरी चिंता नाही.

ज्यांना दणकटपणापेक्षा हलकेपणा हवा त्यांना लोक ओपिनेल नंबर 8 सुचवतात. फ्रान्सच्या साव्हॉय भागातला हा चाकू 1890 पासूनचा. गळ्याशी फिरणारी कुलूप-कडी 1955 सालची. पातं 8.5 सेंटिमीटर आणि कागदासारखं पातळ, मूठ बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची, वजन बकच्या पावपट. कांदा-बटाटा तो बकपेक्षा कितीतरी चांगला कापतो. पण आपल्या पावसाळ्यात त्याची खरी परीक्षा होते. जुलैत बीच दमट हवा पिऊन फुगतं आणि पातं खाचेत असं आवळलं जातं की नखाने ओढून निघत नाही. तेव्हा कडी मोकळी करायची आणि मुठीचं मागचं टोक दगडावर किंवा ओट्याच्या कडेवर ठोकायचं, मग पातं बोटभर बाहेर येतं. ही युक्ती साव्हॉयची, ठाण्यात फार उपयोगी. कायमचा इलाज हवा तर मूठ कोरडी असताना, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, खाचेत मेण घासून ठेवावं. कार्बन पोलादाचा नंबर 8 मात्र या हवेत घेऊ नये. लिंबू कापून तसाच ठेवला तर चहा होईपर्यंत काळा पडतो, आणि खाडीलगतच्या घरात एका रात्रीत तांबूस ठिपके. स्टेनलेसच घ्यावा.

ठिपके बकलाही पडतात, फक्त उशिरा. आधी नखाच्या खाचेत, मग कोरलेल्या अक्षरांत, मग सांध्याजवळ. पितळ तर घामाने आठवड्यात मंद होतं आणि हाताला नाण्यांसारखा वास येतो. चकाकी हवी असेल तर पीतांबरी आहेच, तीही ठाण्याचीच. मात्र ओल्या चिंधीवर चिमूटभर, फक्त पितळेवर, पातं मिटवून आणि सांध्यापासून दूर. पूड सांध्यात गेली तर पॉलिश पेपरसारखी घासत राहते, आणि लाकडावर पांढरट डाग उरतो. खरं तर मंदावलेलं पितळच जास्त शोभतं. सोबत मिळणाऱ्या चामड्याच्या म्यानात मात्र जून ते सप्टेंबर चाकू ठेवू नका. चामडं ओल धरतं, त्याला बुरशी येते, पितळेवर हिरवा थर चढतो. चाकू जुन्या सुती कापडात गुंडाळून कपाटात, म्यान वेगळं.

धारेसाठी कार्बोरंडमचा दोन बाजूंचा दगड पुरतो, ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजूला हार्डवेअरमध्ये सहज मिळेल. दर बाजूला सुमारे 15 अंश. पातं दोन सेंटिमीटर रुंद धरलं तर पाठ दगडापासून साडेतीन-चार मिलिमीटर उचललेली हवी, म्हणजे दहाच्या दोन नाण्यांच्या चळतीएवढी. नाणी ठेवून कोन डोळ्यांत बसवा, मग काढून टाका. भरड बाजूवर एकाच अंगाने घासत राहा. दुसऱ्या अंगाला बोटाला खरखरीत कड लागली की बाजू बदला, नंतर बारीक बाजूवर आलटून-पालटून आठ-दहा हात. दोऱ्या जास्त कापायच्या असतील तर इथेच थांबा. थोडी करवती धार नायलॉन पकडते, आरशासारखी धार त्यावरून घसरते. सायकलवर चाक फिरवणाऱ्याकडे हा चाकू देऊ नये. कोरड्या चाकावर बारीक धार क्षणात तापते. निळी झाक दिसली की तेवढ्या भागाचं पाणी उतरलं समजायचं, तिथे पुढे धार टिकत नाही.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र नियमांतली परवान्याची अट 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांची, बक त्यात बसत नाही. पण ठाणे आणि नवी मुंबई पोलीस आयुक्तालयं सण-निवडणुकांच्या आगेमागे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश काढतात आणि त्यात सुरे-चाकू बाळगण्याचा उल्लेख असतो. तेव्हा कमरेला म्यान लटकवून तलावपाळीवर मिरवण्यात शहाणपणा नाही, मॉलच्या दारावर तर वाद होणारच. येऊरला काटक्या तोडायला न्यायचा बेत असेल तर तोही सोडा, ती राष्ट्रीय उद्यानाची हद्द आहे.

याच रूपाच्या नकला खूप, आणि लांबून ओळखू येत नाहीत. पैसे देण्याआधी चाकू उघडून मूठ एका हातात, पात्याची पाठ दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. टकटक जाणवली तर परत करा. मिटवून वरून बघा : पातं दोन पितळी पट्ट्यांच्या मधोमध बसलं पाहिजे, एका अंगाला टेकत असेल तर दर वेळी मिटताना धार पितळेवर घासणार. लाकूड आणि पितळ जुळतात तिथे नख आडवं ओढा. अडकलं तर फट आहे, आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथून लाकूड उचलेल. शेवटी उघडलेल्या चाकूची पाठ लाकडी फळीवर हलकेच दाबा, बोटं पात्याच्या वाटेबाहेर ठेवून. खटका जरा जरी सुटला, तर दुकानदार किंमत कितीही उतरवो, चाकू त्याच्याकडेच राहू द्या.