ब्लूई की चार्ली अँड लोला?

लहान मुलांच्या या दोन्ही कार्टून मालिका भावंडांच्या कल्पनेच्या खेळांवर उभ्या आहेत, पण मोठ्यांचं स्थान अगदी उलट. २०१८ साली सुरू झालेल्या ऑस्ट्रेलियन ‘ब्लूई’त सुरुवातीला सहा वर्षांची ब्लूई आणि चार वर्षांची तिची बहीण बिंगो आई-बाबांनाच खेळात ओढतात. २००५च्या ब्रिटिश ‘चार्ली अँड लोला’त आई-बाबा पडद्यावर येतच नाहीत, चार वर्षांच्या लोलाला सांभाळतो तो सात वर्षांचा चार्ली.

‘ब्लूई’चा बहुतेक भाग सात मिनिटांचा. त्यातला खेळ नियमांसकट उचलता येतो: फुगा जमिनीला टेकू द्यायचा नाही, एवढ्यावर एक अख्खा भाग चालतो. अडचण एकच, भाग संपला की मुलं बाबांना हाक मारतात आणि ब्लूईचे बाबा बँडिट यांच्याइतका दम फार कमी बाबांत असतो.

चार्लीचं तंत्र जेवणाच्या टेबलावर जास्त कामाचं. लोला गाजर खात नाही, तर तो गाजराला गुरू ग्रहावरची काडी म्हणतो. बटाट्याचा लगदा म्हणजे फुजी पर्वतावरचा ढग. तो आग्रह करत नाही, म्हणूनच ते चालतं. नवं नाव देऊन लगेच ‘आता खा’ म्हटलंत, तर खेळ तिथेच मोडतो.

इंग्रजी नुकतंच शिकणाऱ्या मुलाला लोलाचं मुद्दाम वाकडं व्याकरण गोंधळात टाकेल. कागद-कापडाच्या कोलाजसारखी चित्रं मात्र बघत राहावीत अशी. एकटं बसून बघायचं असेल तर चार्ली-लोला. तुम्हीही शेजारी बसणार असाल, तर निःसंशय ‘ब्लूई’. त्यातले निम्मे विनोद आई-बाबांसाठीच आहेत.