लहान मुलांच्या इमर्जन्सीची सिम्युलेशन कार्यशाळा: माझा अनुभव

बालरोग विभागात किंवा कॅज्युअल्टीत ड्यूटी करणाऱ्या प्रत्येकाने ही कार्यशाळा, म्हणजे पुतळ्यावर खऱ्यासारखी केस हाताळायचा सराव, करावी, असं माझं ठाम मत आहे. तेही तिथल्या महागड्या पुतळ्यासाठी नव्हे.

पुतळा चांगलाच आहे. रडतो, छाती वरखाली होते, दंडावर नाडी लागते. पण अंगावर उठलेले जाळीदार चट्टे, गार पडलेले तळपाय, बोटाने दाबल्यावर रक्त परत यायला लागणारा वेळ, हे सगळं प्रशिक्षकांना तोंडी सांगावं लागतं. शॉकमधलं, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडू लागलेलं, मूल वेळेवर ओळखायचं ते याच खुणांवरून, कारण मुलांचा रक्तदाब फार उशिरा पडतो. ही उणीव मला मोठी वाटली.

खरी कमाई औषधं भरताना झाली. बाळ १० किलोचं, हृदय थांबलेलं. हृदय पुन्हा सुरू करण्यासाठीचं ॲड्रेनलिन किलोला ०.०१ मिलिग्रॅम, हे सगळ्यांनाच पाठ असतं. पण १ मिलीत १ मिलिग्रॅम असलेली ॲम्प्यूल फोडायची, दहापट पातळ करायची आणि त्यातलं बरोबर १ मिली द्यायचं. शेजारी कॉम्प्रेशन्स (छाती दाबणं) चालू, आई झालेली प्रशिक्षिका हंबरडा फोडतेय. अशा गोंधळात दशांश चिन्ह सहज सरकतं. इथे ‘ॲड्रेनलिन दिलं’ असं नुसतं म्हणून चालत नाही, सिरिंज भरून दाखवावी लागते. आमच्या गटातल्या सिस्टरने हात थांबवून विचारलं, “डॉक्टर, डोस मिलीमध्ये सांगा.” उत्तर मिळाल्यावर तिने तो डोस मोठ्याने परत म्हटला आणि मगच औषध दिलं. मला त्या क्षणी तिचा फार आदर वाटला.

केसपेक्षा डीब्रीफिंग, म्हणजे नंतरची चर्चा, जास्त वेळ चाललं, आणि ते तसंच हवं. ‘कोण चुकलं’ हा प्रश्नच नव्हता. ‘त्या वेळी तुम्हाला काय दिसत होतं?’ असं प्रशिक्षक विचारत होते. मुलांचं हृदय बहुतेक वेळा श्वास बिघडल्यामुळे थांबतं, त्यामुळे श्वासनलिकेत ट्यूब घालायची घाई करण्याआधी बॅग-मास्कने (तोंडावर मास्क धरून पिशवी दाबून श्वास देताना) छाती नीट उचलली जाते का ते बघा, हा मुद्दा आमच्याच केसचा व्हिडिओ पाहताना पक्का बसला.

गट मात्र लहान हवेत. मागे उभ्या राहणाऱ्यांच्या हाताला काहीच लागत नाही. नवजात बाळाचा भाग शेवटी घाईत उरकला, त्याला वेगळा दिवस द्यायला हवा.

जाणार असाल तर एकटे जाऊ नका, ज्यांच्यासोबत रात्रपाळी करता त्या सिस्टरना बरोबर न्या. जमलं तर प्रशिक्षकांना तुमच्याच वॉर्डात एक केस घ्यायला सांगा, तुमच्याच क्रॅश ट्रॉलीवर (इमर्जन्सीचं सामान ठेवलेल्या गाडीवर). तान्ह्या बाळाचा मास्क आणि इंट्राऑसियस सुई (हाडातून औषध द्यायची) कुठल्या खणात आहे, आहे की नाही, ते तिथेच कळेल.