लट्रेल की क्वीन मेरी?

साल्टर म्हणजे बायबलमधल्या 150 स्तोत्रांची पोथी. लट्रेल साल्टर आणि क्वीन मेरी साल्टर या दोन्ही सचित्र पोथ्या इंग्लंडात चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात तयार झाल्या. आज दोन्ही ब्रिटिश लायब्ररीकडे आहेत.

नजाकतीत क्वीन मेरी साल्टर सरस. सुरुवातीलाच जुन्या करारातल्या (बायबलच्या पहिल्या भागातल्या) कथांची दोनशेहून जास्त चित्रं, खाली फ्रेंच ओळी. बारीक रेघ, त्यावर हिरव्या-जांभळ्या रंगाचा जेमतेम हात. हे सगळं एकाच चित्रकाराचं मानतात! राणी मेरीचं नाव मात्र नंतरचं. 1553 मध्ये ही पोथी परदेशी जाताना एका जकात अधिकाऱ्याने अडवली आणि इंग्लंडच्या या राणीला दिली.

लट्रेल साल्टर लिंकनशरच्या जमीनदार सर जेफ्री लट्रेलने करवून घेतली. रंग भडक, समासात माणसाच्या तोंडाची चित्रविचित्र जनावरं. पण पाय अडतो तो शेतीच्या पानांवर. पेरणारा बी फेकतोय, मागे कावळा खुशाल पोत्यात चोच घालून बसलाय. पुढच्या चित्रात गडी चक्क गोफण फिरवून कावळे हाकलतोय. शेजारी पवित्र लॅटिन स्तोत्र, आणि खाली ही राखण!

हात क्वीन मेरीच्या चित्रकाराचा मोठा, हे मान्य. तरी एकच उघडायला मिळाली, तर मी लट्रेलच उघडेन.