जाळीची कड पुट्टीने बुजवू देऊ नका: सांगलीत छतातल्या स्पीकरच्या नावाखाली झालेली फसवणूक

आमच्या विश्रामबागच्या इमारतीत आणखी दोन घरांत पीओपीचं काम सुरू आहे आणि आम्हाला फसवणारा माणूसच दोन्हीकडे कोटेशन देऊन गेलाय, हे परवा कळलं. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. छतात स्पीकर बसवून देतो म्हणून त्याने आमच्याकडून १ लाख ६८ हजार रुपये घेतले. हॉलमध्ये दोन, बेडरूममध्ये दोन, स्वयंपाकघरात एक आणि बाथरूममध्ये एक, असे सहा स्पीकर. वर्ष व्हायच्या आत त्यातला एकही धड वाजेना.

कोटेशन वाचून कुणालाही भरवसा वाटावा असंच होतं. साडेसहा इंची स्पीकर, पॉलीप्रॉपिलीनचा (एक प्रकारच्या प्लॅस्टिकचा) कोन, म्हणजे आवाज काढणारा शंकूसारखा पडदा, त्याभोवती रबरी कड, बाथरूमसाठी पाणी सोसणारा आयपी ६५ दर्जाचा, १४ गेजची शुद्ध तांब्याची वायर, प्रत्येक खोलीचा आवाज वेगवेगळा कमीजास्त करता येईल असा अ‍ॅम्प्लिफायर, पाच वर्षांची वॉरंटी. दुकानात ऐकवले ते स्पीकर खरोखरच चांगले होते. घरी आले ते वेगळे.

बसवायच्या दिवशी खोकी आली, पण ती फोडली खाली पार्किंगमध्ये. "वर कचरा नको वहिनी," म्हणाला. मोकळी खोकी त्याच टेम्पोतून परत गेली आणि त्यांच्यावरचे सिरीयल नंबर, मॉडेल नंबर, किंमत सगळं त्यांच्याबरोबर गेलं. वर आले ते नुसते गोल स्पीकर आणि पुढे नामांकित कंपनीचं नाव असलेल्या पांढऱ्या जाळ्या. बसवून झाल्यावर त्याच्या पोराने प्रत्येक जाळीच्या कडेने पुट्टी भरली आणि वरून रंगाचा हात मारला. "फिनिशिंग एकदम टॉप येतं," असं कारण दिलं. छतातल्या स्पीकरची जाळी चुंबकाने किंवा दाबून बसते. ती काढली की चार स्क्रू सैल करून अख्खा स्पीकर खाली घेता येतो, छत फोडावं लागत नाही. कड बुजवली की तो रस्ताच बंद होतो. ती पुट्टी शोभेसाठी नव्हतीच.

पहिली शंका आली ती आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना. सकाळी आंघोळीच्या वेळी त्या अभंग लावतात. म्हणाल्या, "अगं, इथं नुसते टाळच ऐकू येतात. पखवाज कुठं गेला?" पखवाज स्वयंपाकघरात वाजत होता. रेकॉर्डिंगला डावी आणि उजवी अशा दोन बाजू असतात. बाथरूमला त्याने फक्त उजवी जोडली होती आणि स्वयंपाकघराला फक्त डावी. जिथे एकच स्पीकर बसणार, तिथे दोन्ही बाजू एकत्र करून द्याव्या लागतात, किंवा ज्यात दोन व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी तारेची वेटोळी) आणि दोन ट्विटर (बारीक, उंच आवाजाचे छोटे स्पीकर) असतात असा स्टीरिओ इनपुटचा स्पीकर घ्यावा लागतो. हे या कामातलं अगदी प्राथमिक ज्ञान आहे. त्याने आईंनाच सांगितलं की वयामुळे तसं ऐकू येतं. हे वाक्य मी अजून विसरलेले नाही.

मग अ‍ॅम्प्लिफायर तापून बंद पडायला लागला. गाणं अर्ध्यात थांबायचं, थोड्या वेळाने पुन्हा सुरू व्हायचं. बेडरूमचा आवाज कमी करावा तर हॉलचाही कमी व्हायचा, कारण खोलीवार वेगळा आवाज ही सोय त्यात मुळात नव्हतीच. साधा दोन चॅनेलचा ब्लूटूथवाला अ‍ॅम्प्लिफायर होता. पावसाळा लागला आणि बाथरूमचा स्पीकर खरखर करत करत मुका झाला. फोन केला की एकच उत्तर, "हवा दमट आहे, ऊन पडलं की बसेल."

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंतुवाद्यांचं काम करणारे आमचे एक परिचित घरी आले होते. सतारीची जवारी लावण्यात, म्हणजे तारांखालची घोडी घासून आवाज जुळवण्यात आयुष्य गेलेला माणूस, त्यांचा कान वेगळाच. हॉलमध्ये गाणं लावलं तसे ते स्टुलावर चढले आणि स्पीकरशेजारी छताला तळवा लावून उभे राहिले. म्हणाले, "ही झणझण स्पीकरची नाही, तुमच्या छताची आहे. तो आत नीट आवळलेलाच नाही." त्यांच्या सांगण्यावरूनच आम्ही मिरजेहून दुसरा जाणता इलेक्ट्रिशियन बोलावला आणि ब्लेडने पुट्टी कापून जाळ्या काढल्या.

स्पीकरच्या मागे प्लॅस्टिकच्या क्लिपा असतात. स्क्रू पिळला की त्या फिरून बोर्डाला पकडतात. हॉलमधल्या दोन्ही स्पीकरच्या चारपैकी दोन-दोन क्लिपा फिरल्याच नव्हत्या, नुसत्या सिलिकॉनवर ते तोलले होते. खाली सोफा, सोफ्यावर मुलं. स्पीकर उलटा केला तर मागच्या स्टिकरवर १०० व्होल्ट, ६ वॉट असं छापलेलं. हे शोरूममध्ये, दवाखान्यात सूचना ऐकवायला लावतात ते पेजिंगचे स्पीकर. त्यांच्यावर एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. तो काढून टाकला होता, त्याच्या स्क्रूची भोकं तशीच होती. कोन कागदी, कड कापडी. कंपनीची म्हणून मिरवत होती ती फक्त पुढची जाळी.

इलेक्ट्रिशियनने अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकांना मीटर लावला तर २.३ ओहम दिसलं. ८ ओहमचे तीन स्पीकर एकाच चॅनेलवर समांतर जोडले की एकत्रित रोध पावणेतीन ओहमच्याही खाली येतो, आणि मीटरवर तर तो आणखी थोडा कमीच दिसतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे किमान ४ ओहम असं स्पष्ट छापलेलं आहे. तो तापणारच होता. मग इलेक्ट्रिशियनने वायरचं टोक ब्लेडने खरवडलं. वरून तांबडी, आतून पांढरी. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर. अ‍ॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६० टक्के, आणि अशी वायर वाकवली, पिळली की लवकर तुटते. शुद्ध तांबं खरवडलं तर आतूनही तांबडंच निघतं. वायर घरात आली की एवढं एक तरी स्वतःच्या हाताने करून बघा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

सगळ्यात वाईट बाथरूममध्ये होतं. पीओपीवाल्याने लाईटसाठी शॉवरच्या बरोबर वर एक भोक पाडून ठेवलं होतं. स्पीकरवाल्याने तेच मोठं करून त्यात स्पीकर कोंबला, म्हणजे नवं माप घ्यायला नको. आयपी ६५ मधला ६ म्हणजे आत धूळ शिरणार नाही आणि ५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसेल. इथे तर कागदी कोनावर हिरवी बुरशी होती आणि लोखंडी सांगाडा गंजून त्याचा चुरा आमच्या हातावर पडत होता. मागे झाकण नव्हतं. फ्लॅटमध्ये बाथरूमच्या छताच्या वर वरच्या मजल्याचे सांडपाण्याचे पाइप असतात आणि त्यांच्या सांध्यातून थेंब गळू शकतात. आमच्याकडे ते थेट चुंबकावर पडत होते. आणि स्पीकरची वायर त्याने गीझरच्या वायरच्याच पाइपातून नेली होती, मध्ये नुसता पिळा देऊन टेप गुंडाळलेला सांधा. २३० व्होल्टची आणि स्पीकरची वायर एकाच पाइपात, तेही ओल्या जागी. यात जीव गेला असता. पैशांचं दुःख एकीकडे, पण हे आठवलं की मला अजूनही झोप लागत नाही.

हे काम नीट कसं असतं ते त्या इलेक्ट्रिशियनने नव्याने करून दाखवलं. बाथरूमचा स्पीकर शॉवरपासून लांब, वॉशबेसिनच्या बाजूला घेतला. टाइल्सवरून आवाज इतका परततो की तिथे मोठ्या स्पीकरची गरजच नसते, पाच इंची पुरतो. तो दमटपणा सोसणारा, गंज न धरणाऱ्या जाळीचा आणि मागे झाकण असलेला हवा. छताला तिथे ओल सोसणारा हिरवा जिप्सम बोर्ड. अ‍ॅम्प्लिफायर, अडॅप्टर, प्लग यांतलं काहीही बाथरूमच्या आत नाही, आणि घराला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लगेच वीज तोडणारा स्विच. हॉलमधले दोन स्पीकर भिंतीपासून किमान दोन फूट आत घेतले. कोपऱ्यात होते तेव्हा आवाज नुसता घुमायचा. आमच्याकडे ते लाईटच्या ओळीत छान दिसावेत म्हणून बसवले होते, बसून ऐकणारा माणूस कुठे असेल हे कुणी विचारलंच नव्हतं.

उघडलेल्या मालाचे फोटो पाठवल्यावर तो फसवणारा स्पीकरवाला म्हणाला, "वॉरंटी कंपनीची असते, मी फक्त बसवणारा." जाळीवर ज्या कंपनीचं नाव होतं तिच्या ग्राहक सेवेने स्पीकरचे फोटो बघून हा माल आमचा नाही असं ईमेलवर लेखी कळवलं. मग त्याने फोन उचलणं बंद केलं. बिल म्हणून त्याने दिलेल्या कागदावर जीएसटी धरलेला आहे, पण नंबर नाही. जीएसटी नंबर १५ अक्षरी असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की कुणाच्या नावावर आहे ते फुकट कळतं. आगाऊ रक्कमही त्याने मेव्हण्याच्या खात्यावर मागवली होती. शेजाऱ्यांनो, कोटेशन आणि पैसे घेणारं खातं एकाच नावाचं नसेल तर तिथेच थांबा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, आम्ही तक्रार नोंदवली. त्यातून तडजोड झाली नाही, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते, मग दुकान साताऱ्यात असो की पुण्यात. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. वकील लावलाच पाहिजे असं नाही.

ज्यांच्याकडे याच माणसाने काम केलंय त्यांनी जाळी काढताना सुरुवातीपासून व्हिडिओ घ्यावा, दुसऱ्या इलेक्ट्रिशियनकडून काय सापडलं ते सहीनिशी लिहून घ्यावं आणि काढलेला माल भंगारात देऊ नये, आयोग तो तपासणीसाठी मागू शकतो. आमचे सहाही स्पीकर आणि वायरचा तुकडा बांधून ठेवलाय. कुणाला स्वतःच्या घरातल्याशी ताडून बघायचा असेल तर खुशाल घरी यावं.