हॉवर्ड काउंटीतलं मुलांचं लॅक्रॉस: रेक आणि क्लब, दोन्ही करून बघितल्यावर

लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करायचा सांघिक खेळ. निष्कर्ष आधीच सांगते. अमेरिकेतल्या मेरिलंड राज्यात, कोलंबिया-एलिकॉट सिटीच्या पट्ट्यात दहा-बारा वर्षांच्या मुलाला लॅक्रॉसला घालायचं असेल, तर वसंतातल्या रेक लीगला, म्हणजे वस्तीतल्या मुलांच्या हौशी लीगला, बिनधास्त घाला. क्लबला, म्हणजे निवड करून मुलं घेणाऱ्या आणि बाहेरगावी स्पर्धांना नेणाऱ्या खाजगी संघाला, घालताना मात्र चार प्रश्न विचारल्याशिवाय चेक लिहू नका. आमचा मुलगा वसंतात रेक खेळला, मग उन्हाळ्याच्या शेवटी ट्रायआउट (निवड चाचणी) देऊन एका ट्रॅव्हल क्लबात गेला. वर्ष उलटून गेलंय, त्यामुळे आता ठामपणे लिहायला हरकत नाही. क्लबाचं नाव देत नाही, कारण इतर पालकांशी बोलल्यावर लक्षात आलं की थोड्याफार फरकाने सगळीकडे हीच गत आहे.

बाल्टिमोरच्या आसपास या खेळाचं वेड आहे हे नव्याने आलेल्यांना चटकन कळत नाही. मेरिलंडचा अधिकृत खेळ 1962 पासून जाउस्टिंग, म्हणजे घोड्यावर बसून भाला चालवणं. पण 2004 मध्ये अधिकृत सांघिक खेळ म्हणून लॅक्रॉसला मान मिळाला. यूएसए लॅक्रॉस या राष्ट्रीय संस्थेचं मुख्यालयही बाल्टिमोरच्या उत्तरेला स्पार्क्समध्येच आहे. याचा आपल्याला फायदा असा की कॉलेजात खेळलेली माणसं इथे गल्लोगल्ली सापडतात. रेकमधले आमचे कोच म्हणजे संघातल्याच एका मुलाचे बाबा. दिवसभर ऑफिस करून, शर्ट बदलून मैदानावर यायचे. पैसे घेत नव्हते, पण खेळ हाडात मुरलेला. बाकीच्या अमेरिकेत असा माणूस मिळायला पैसे मोजावे लागत असतील.

सामानाचा खर्च मात्र दोन्हीकडे सारखाच. हेल्मेट, हातमोजे, कोपराचे पॅड, माउथगार्ड, स्टिक आणि छातीचं संरक्षण. या शेवटच्या गोष्टीत काटकसर करू नका. मुलांच्या लॅक्रॉसमध्ये गोलकीपर सोडून बाकीच्या खेळाडूंनाही 2022 पासून ठरावीक मानकाचं छातीचं पॅड सक्तीचं आहे. चेंडू भरीव रबराचा, दीडशे ग्रॅमच्या जरा आत. तो नेमक्या क्षणी छातीवर बसला तर हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून हा नियम. जुनं सामान घेताना आतल्या लेबलावर त्या मानकाचं नाव, एनडी200, लिहिलंय का ते उलटून बघा. आम्हाला स्वस्तात मिळालेलं एक पॅड दिसायला झकास होतं, पण त्यावर हे लेबल नव्हतं. परत केलं. मुलींना चेहऱ्याला गॉगल आणि माउथगार्डवर भागतं, कारण त्यांच्या खेळात अंगावर जायची मुभाच नाही. मैत्रिणीच्या लेकीचं सामान आमच्या निम्म्यात आलं.

स्टिकबद्दल थोडं. चिपळूणहून आलेल्या सासूबाईंनी ती हातात घेऊन फिरवून बघितली आणि म्हणाल्या, "अगो, हा तर आंबे काढायचा झेला!" खरंच तसंच दिसतं. पण सगळी गोम त्या जाळीत आहे. दुकानात तयार विणून मिळणारा पॉकेट, म्हणजे जाळीची झोळी, बहुतेक वेळा इतका उथळ असतो की चेंडू क्रेडल करताना, म्हणजे मनगटाने झुलवत धावताना, टुणकन बाहेर पडतो. उलट पॉकेट खोल झाला आणि चेंडूचा वरचा काठ बाजूच्या पट्टीच्या खालच्या कडेच्याही खाली गेला, की रेफरी स्टिक बाद करतो. रेकच्या कोचनी पहिल्याच आठवड्यात प्रत्येक मुलाची स्टिक हातात घेऊन वरच्या शूटिंग स्ट्रिंग्ज, म्हणजे जाळीत आडव्या ओवलेल्या दोऱ्या, सैल-घट्ट करून दिल्या. त्यानंतर आमच्या पोराचा चेंडू टिकायला लागला. क्लबात वर्षभरात एकाही कोचने त्याच्या जाळीला हात लावला नाही.

आता क्लबाकडे येते. फी अडीच हजार डॉलरच्या आसपास, गणवेश वेगळा, हॉटेलं वेगळी. वयोगटात दोन संघ: पहिला आणि दुसरा. वेबसाइटवर ज्या कोचचा फोटो असतो, जो डिव्हिजन वनला, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वात वरच्या श्रेणीत, खेळलेला असतो, तो पहिल्या संघाला. दुसऱ्या संघाला कॉलेजात शिकणारा एक मुलगा. पोरगा स्वभावाने गोड, पण परीक्षा आली की गायब. मग त्याच्या जागी दुसरा. फी मात्र दोन्ही संघांना तीच. थोडक्यात, दुसऱ्या संघाच्या पालकांच्या पैशावर पहिला संघ पोसला जातो. हे कोणी तोंडावर म्हणत नाही, पण हिशेब कळायला सीए असावं लागत नाही.

सराव बघायचा तर एकच गोष्ट बघा: तुमच्या मुलाच्या स्टिकमध्ये चेंडू किती वेळा येतो. क्लबात बरेचदा लांबच लांब रांग, एक चेंडू, आणि रांगेत उभी मुलं एकमेकांच्या हेल्मेटवर टकटक करतायत. रेकमध्ये मैदानाचे तुकडे पाडून तीन-तीनचे गट, ग्राउंड बॉलवर (जमिनीवर पडलेल्या चेंडूवर) झडप, उचलला की लगेच पास. या वयात सामना जिंकतो तो ग्राउंड बॉल उचलणारा संघ, लांबून गोल मारणारा नव्हे. हे कोलंबियाच्या कुठल्याही मैदानावर शनिवारी सकाळी तासभर उभं राहिलं तरी दिसतं.

स्पर्धांचं प्रकरण तर विचारूच नका. घड्याळ न थांबता चालतं, एकेक सामना बघता बघता संपतो, मधे दोन-तीन तास ऊन खात बसायचं. काही स्पर्धांत आयोजकांनी ठरवलेल्याच हॉटेलात राहायची अट असते आणि ते हॉटेल हटकून महाग. बाजूच्या खुर्च्यांवर स्कॉलरशिपच्या गप्पा. मुलं सहावीत! कॉलेज खेळांची संघटना असलेल्या एनसीएएच्या नियमानुसार डिव्हिजन वनच्या कोचना अकरावीच्या वर्षाच्या 1 सप्टेंबरपर्यंत मुलांशी भरतीबद्दल बोलताच येत नाही. 2017 मध्ये हा नियम झाला तोच आठवी-नववीतल्या पोरांना आश्वासनं द्यायचे प्रकार थांबावेत म्हणून. शिवाय 2025 पर्यंत पुरुषांच्या अख्ख्या संघाला मिळून 12.6 स्कॉलरशिपचीच मर्यादा होती, आणि त्या चाळीसेक मुलांत वाटल्या जायच्या. आयव्ही लीगवाले, म्हणजे हार्वर्ड-येलसारखी विद्यापीठं, तर खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. तेवढ्या पैशात पोराला गणिताची शिकवणी लावली तर जास्त परतावा मिळेल, असं मी एकदा म्हणाले तर पलीकडच्या बाई हसल्या नाहीत.

क्लबात चांगलं काहीच नाही असं नाही. हिवाळ्यातलं इनडोअर बॉक्स लॅक्रॉस अप्रतिम. जागा छोटी, गोल छोटा, भिंतीवरून चेंडू परत येतो, त्यामुळे हात आपोआप चपळ होतात. ते सत्र वेगळं भरता आलं आणि तेवढं वसूल झालं. गोलकीपरसाठी वेगळा कोच होता, तो खरंच मन लावून शिकवायचा. तुमच्या मुलाला गोलात उभं राहायची हौस असेल तर क्लबाचा विचार नक्की करा, कारण रेकमध्ये गोलकीपरला शिकवणारं सहसा कोणी नसतं.

आपल्याकडच्या बऱ्याच घरांत एप्रिल उजाडला की क्रिकेट की लॅक्रॉस हा वाद असतो. गंमत म्हणजे 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये दोन्ही खेळ घ्यायचा निर्णय ऑक्टोबर 2023 मध्ये एकाच बैठकीत झाला, तोही मुंबईत. लॅक्रॉस तिथे सहा-सहा जणांचं असेल. आमच्याकडे तरी तो वाद मिटलाय: क्रिकेट रविवारी, बाकी लॅक्रॉस.

ट्रायआउटला जाल तेव्हा विचारा: दुसऱ्या संघाचा कोच कोण, तो वर्षभर राहणार का, एका संघात मुलं किती, आणि हॉटेलची सक्ती किती स्पर्धांना आहे. उत्तर देताना समोरचा पहिल्या संघाच्या ट्रॉफ्यांकडे वळला तर पुढचा क्लब बघा.

आमचं यंदाचं ठरलंय. वसंतात रेक, थंडीत फक्त बॉक्सचं सत्र, आणि रोज संध्याकाळी शाळेच्या मागच्या भिंतीवर वीस मिनिटं वॉल बॉल, उजव्या हाताने तेवढेच डाव्यानेही. क्लबाची जर्सी एकदम नवीन आहे, कोणाला सरावाला हवी असेल तर कळवा.